स्नानकुंडाजवळ जुळलेलीं नातीं

मराठी भाषेंत नात्यांचीं नांवें जितकीं आहेत तितकीं इंग्रजींत नाहींत, ही गोष्ट भाषांतराचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या ध्यानांत येते. काका, मामा आणि मावसा या तिघांनाहि तिकडे एकच ‘अंकल’, जाऊ, नणंद, भावजय आणि मेहुणी या चौघींची बोळवण एकाच ‘सिस्टर-इन-लॉ’नें होते, आणि व्याही व विहीण यांना तर तेथें सुटसुटीत असें नांवच नाहीं. आपल्या पूर्वजांना शब्द बनविण्याची हौस अधिक होती म्हणून हें झालें असें नव्हे. आपल्याकडे प्रत्येक नात्याला कांहीं ना कांहीं काम नेमून दिलेलें असतें, आणि ज्याला काम आहे त्याला स्वतंत्र नांव लागतें. बारशाच्या दिवशीं बाळाच्या कानांत नांव सांगावयाचें तें आत्यानें. लग्नाच्या वेळीं वधूला मंडपांत आणावयाचें तें मामानें. आत्या शंभर कोसांवर राहत असली, भावाशीं तिचें फारसें पटत नसलें, तरी बारशाला वाट पाहिली जाते ती तिचीच.

रक्ताच्या नात्याची ही रीत झाली. आतां कॅथॉलिक धर्माची शिकवण अशी आहे कीं, स्नानसंस्कारानें मनुष्य देवाचें लेकरूं होतो, आणि म्हणून ज्यांना ज्यांना तो संस्कार मिळाला तीं सर्व माणसें परस्परांचीं भावंडें होतात. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत देवाला ‘माझा’ पिता म्हटलेलें नाहीं, ‘आमचा’ पिता म्हटलें आहे. ती प्रार्थना एकान्तांत एकट्यानें म्हटली तरी तिच्यांतील बहुवचन सुटत नाहीं. हें सर्व आपण लहानपणींच धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकतों. परंतु या भावंडांचें परस्परांविषयीं काम कोणतें, असा प्रश्न केला तर बहुतेक सर्व विद्यार्थी ‘प्रेम करणें’ असें उत्तर देतील. उत्तर खरें आहे. पण अपुरें आहे. एखाद्या आत्याला तिचें काम विचारून पहा. ती प्रेमाचा उल्लेखहि करणार नाहीं. पाळणा, कुंची, आंगडें-टोपडें आणि गाडीचें तिकीट यांच्याविषयीं बोलूं लागेल. या लेखांत आम्ही आध्यात्मिक नात्याविषयीं आत्याच्या उत्तरासारखें एखादें उत्तर सांपडतें काय, हें पाहणार आहों.

अशा नात्याचा विचार करूं लागलें म्हणजे प्रथम दृष्टीस पडतात ते धर्मपिता आणि धर्ममाता. बालकाला कुंडाजवळ नेलें म्हणजे आईबापांच्या शेजारीं हीं दोन माणसें उभीं राहतात. ही चाल फार जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास आफ्रिकेंतील कार्थेज नगरींत राहणाऱ्या तेर्तुलियन नांवाच्या लेखकानें स्नानसंस्कारावर एक निबंध लिहिला. त्यांत लहान मुलांच्या वतीनें जामीन राहणाऱ्या माणसांचा उल्लेख आहे, आणि तेर्तुलियनला त्यांची काळजी वाटलेली दिसते. वचन पुरें होण्याच्या आधींच जामीन मरण पावला, अथवा मूल मोठें होऊन वाईट निघालें, तर त्या बिचाऱ्यांनीं काय करावें? विद्यार्थ्यांनीं ‘जामीन’ हा शब्द ध्यानांत ठेवावा. जामीन हा समारंभाला आलेला पाहुणा नव्हे. ऋणको पळून गेला म्हणजे सावकार ज्याच्या दारांत येऊन उभा राहतो तो जामीन.

पुढें हें नातें लोक इतकें खरें मानूं लागले कीं, ५३० सालीं सम्राट जस्टिनियन यानें धर्मपिता व त्याची धर्मकन्या यांच्या विवाहास कायद्यानें बंदी घातली. ६९२ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें भरलेल्या धर्मसभेनें आत्म्याचें नातें देहाच्या नात्याहून श्रेष्ठ ठरविलें, आणि धर्मपित्यानें आपल्या धर्मपुत्राच्या विधवा आईशींहि लग्न करूं नये असा नियम केला. मध्ययुगांत ह्या निर्बंधांचें जाळें फारच वाढलें. तेव्हां १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मसभेनें एका बालकाला एकच, किंवा फार तर एक पुरुष व एक स्त्री, एवढेच जामीन असावेत अशी मर्यादा घालून दिली. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनें निर्बंध आणखी आंखूड केला, आणि १९८३ च्या संहितेनें लॅटिन परंपरेच्या कॅथॉलिकांपुरता तो अजीबात काढून टाकला. पूर्वेकडील परंपरेच्या कॅथॉलिकांसाठीं १९९० सालीं जी संहिता झाली तिच्यांत मात्र तो कायम आहे. विवाहाची आडकाठी गेली म्हणून नातें गेलें असें नव्हे. आजचा नियमहि असें सांगतो कीं, धर्मपित्यानें किंवा धर्ममातेनें त्या बालकाला ख्रिस्ती जीवन जगण्यास साहाय्य करावें. त्याकरितां तीं व्यक्ति साधारणतः सोळा वर्षांची असावी, तिला दृढीकरण व ख्रिस्तशरीर हे संस्कार मिळालेले असावेत, तिचें आचरण श्रद्धेला साजेसें असावें, आणि ती त्या बालकाची आई किंवा बाप नसावी. म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना ही जबाबदारी येण्याचा दिवस कांहीं दूर नाहीं.

आईबाप नसावे, ही अट आम्हांला मोठी मार्मिक वाटते. जन्मदात्यांशिवाय आणखी कोणी तरी प्रौढ मनुष्य ह्या मुलाला बांधलेला असावा, असा तिचा हेतु दिसतो. मूल तेरा-चौदा वर्षांचें झालें म्हणजे त्याच्या मनांत अशा शंका येतात कीं त्या बापाला विचारतां येत नाहींत. देव खरोखर ऐकतो काय? परीक्षेंत नापास झालों हें घरीं कसें सांगावें? एखाद्या मित्राच्या नादानें झालेली चूक कोणाजवळ बोलावी? अशा वेळीं रागावण्याचा हक्क ज्याला थोडा कमी आणि ऐकून घेण्याचें कर्तव्य ज्याला थोडें अधिक, असा मनुष्य जवळ असणें ही फार मोठी सोय आहे. परंतु पालक धर्मपिता निवडतात तो कसा? नोकरींत वर चढलेला, आखातांत किंवा कानडांत स्थायिक झालेला, सोन्याची सांखळी घालूं शकणारा, असा पाहून. तो संस्काराच्या दिवशीं येतो, छायाचित्रांत दिसतो, आणि पुढें मुलाच्या लग्नपत्रिकेच्या यादींत त्याचें नांव निघतें. पालकांचा राग पत्करूनहि आम्हांला असें म्हणावेंसें वाटतें कीं, मुलाच्या गल्लींत राहणारा, रविवारीं त्याला चर्चमध्यें भेटणारा साधा गिरणीकामगार हा परदेशस्थ श्रीमंत काकापेक्षां शतपटीनें चांगला धर्मपिता होय.

येथें एका इंग्रजी शब्दाची कथा सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ‘गॉसिप’ म्हणजे कुचाळकी, चहाट्या, हें सर्वांस ठाऊक आहे. पण जुन्या इंग्रजींत हा शब्द ‘गॉडसिब’ असा होता, आणि त्याचा अर्थ देवाच्या ठायीं झालेला आप्त, म्हणजेच धर्मपिता किंवा धर्ममाता, असा होता. पुढें बाळंतिणीच्या खोलींत जमणाऱ्या जिवलग बायकांना तो शब्द लागला. त्या बायका बसल्या बसल्या जें बोलत त्यालाहि तोच शब्द लागला. आणि अखेर मूळ अर्थ विसरला जाऊन नुसती बडबड तेवढी उरली. आप्तपणाचें काम सुटलें आणि आप्तांच्या गप्पा मात्र राहिल्या. आपल्याकडील कांहीं स्नानसंस्कारांच्या मेजवान्या पाहिल्या म्हणजे हा इतिहास मराठींतहि घडत आहे असें वाटूं लागतें.

धर्मपिता हें निदान निवडून घेतलेलें नातें आहे. परंतु कुटुंबांत आपण निवडलेलीं माणसें थोडीं आणि आपल्याला न विचारतां मिळालेलीं फार असतात. भाऊ कोण असावा हें कोणी आपल्याला विचारलें होतें काय? आध्यात्मिक कुटुंबाचेंहि तसेंच आहे, आणि खरी अडचण तेथेंच येते. नव्या करारांत तिचें एक उदाहरण आहे. संत पौलाच्या पत्रांत सर्वांत लहान पत्र म्हणजे फिलेमोनाला लिहिलेलें; त्यांत अवघीं पंचवीस वचनें आहेत. वाचावयास पांच मिनिटें लागत नाहींत. विद्यार्थ्यांनीं तें एकदां सबंध वाचावेंच.

प्रसंग असा आहे. फिलेमोन हा घरंदाज ख्रिस्ती गृहस्थ. त्याच्या घरीं श्रद्धावंतांची मंडळी प्रार्थनेसाठीं जमत असे. त्याचा अनेसिम नांवाचा एक गुलाम होता. तो धन्यापासून दूर झाला. परंपरेनें असें मानलें जातें कीं तो पळाला, आणि धन्याचें कांहीं नुकसानहि करून गेला असावा. पौल त्या वेळीं बंदिवासांत होता. तेथें अनेसिमाची व त्याची गांठ पडली आणि अनेसिम ख्रिस्ती झाला. रोमन कायद्याप्रमाणें पळालेल्या गुलामाचें काय करावयाचें हें सर्वस्वी धन्याच्या मर्जीवर असे. अशा माणसाला पौलानें पत्र देऊन धन्याकडे परत पाठविलें.

त्या पत्रांत पौल अनेसिमाला आपलें लेकरूं म्हणतो. बेड्यांत असतांना मला हा पुत्र झाला, असें तो सांगतो. ‘अनेसिम’ या ग्रीक नांवाचा अर्थ ‘उपयोगी’ असा आहे, तेव्हां पौल त्यावर कोटी करून म्हणतो कीं, पूर्वीं हा तुझ्या कामाचा नव्हता, आतां तुझ्या आणि माझ्याहि कामाचा झाला आहे. पुढें तो मुद्द्याला हात घालतो: ह्याला गुलाम म्हणून नव्हे, तर प्रिय बंधु म्हणून घे, माझें स्वागत जसें करशील तसें ह्याचें कर. येथपर्यंतचा भाग पुष्कळांना माहीत असतो. आम्हांला अधिक महत्त्वाचें वाटतें तें त्यापुढचें वाक्य. ह्यानें तुझें नुकसान केलें असेल, किंवा हा तुझें कांहीं देणें लागत असेल, तर तें माझ्या खात्यावर मांड, असें पौल लिहितो. आणि हें मी माझ्या हातानें लिहीत आहे, मी फेडीन, अशी हमी देतो. एरवीं पौल पत्रें लेखनिकाकडून लिहवून घेई. हा मजकूर मात्र त्यानें स्वतःच्या अक्षरांत लिहिला, कारण तो कर्जरोख्यासारखा होता. शेवटीं आणखी एक लहानशी गोष्ट तो घालतो: माझ्यासाठीं राहण्याची खोली तयार ठेव. म्हणजे मी येऊन पाहणार आहें! फिलेमोनाला हें वाचतांना घाम फुटला असला तर नवल नाहीं.

आत्याच्या उत्तरासारखें उत्तर आपण शोधीत होतों. तें येथें सांपडतें. पौलाच्या मतें भावाचें काम म्हणजे भावाचा हिशेब आपल्या वहींत घेणें आणि मग तो चुकता झाला कीं नाहीं हें पाहण्यास जातीनें जाणें.

कांहीं वाचक विचारतील कीं, पौलानें गुलामगिरीच नष्ट करावी असें सरळ कां लिहिलें नाहीं? हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेंतील गुलामांच्या मालकांनीं एकोणिसाव्या शतकांत ह्याच पत्राचा आधार घेऊन पळालेल्या माणसांना परत धाडणें योग्य ठरविलें होतें, हा इतिहास आहे. ब्राझील देशांत १८८८ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली, आणि त्याच वर्षीं पोप तेरावे लिओ यांनीं तेथील बिशपांना पत्र लिहून मुक्तीचा पुरस्कार केला. बंधु ह्या शब्दाचा पुरता अर्थ समजण्यास ख्रिस्ती राष्ट्रांना अठराशेंहून अधिक वर्षें लागलीं. परंतु शब्द एकदां पत्रांत पडला होता, आणि तो काढून टाकणें कोणाला साधलें नाहीं.

ज्यांनीं तो शब्द ताबडतोब ओळखला अशीं माणसेंहि प्राचीन काळींच होऊन गेलीं. तेर्तुलियनच्याच कार्थेज नगरींत २०३ सालीं पर्पेतुआ नांवाची बावीस वर्षांची कुलीन तरुणी आणि फेलिसिता नांवाची दासी ह्या दोघींना ख्रिस्ती धर्मासाठीं देहान्ताची शिक्षा झाली. फेलिसिता आठ महिन्यांची गरोदर होती, आणि गर्भवतीला मारण्याची मनाई असल्यामुळें आपण मागें राहूं अशी तिला भीति वाटत होती. सोबत्यांनीं मिळून प्रार्थना केली. ती कारागृहांतच प्रसूत झाली. तिला मुलगी झाली. त्या मुलीला एका ख्रिस्ती भगिनीनें आपली कन्या म्हणून वाढविलें. त्या भगिनीचें नांव इतिहासांत राहिलेलें नाहीं. रंगणांत एका मस्तवाल गाईनें दोघींना उडवून पाडलें, तेव्हां पर्पेतुआनें उठून फेलिसितेला हात दिला व उभें केलें, आणि मग दोघी शेजारीं शेजारीं उभ्या राहिल्या. मालकिणीच्या वर्गांतील स्त्रीनें दासीला हात देऊन उठवावें, हा देखावा त्या हजारों प्रेक्षकांना किती विलक्षण वाटला असेल! मिस्साविधीच्या प्राचीन रोमन प्रार्थनेंत ह्या दोघींचीं नांवें आजहि जोडीनें घेतलीं जातात.

कार्थेजचें रंगण दूर राहिलें. आपण आपल्या स्वयंपाकघरांत येऊं. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा या प्रांतांतून घरकामासाठीं मुंबईंत व गोव्यांत आलेल्या मुलींत अनेक जणी कॅथॉलिक असतात. रविवारीं त्या आपल्याच चर्चमध्यें, बहुधा मागच्या बाकांवर, बसलेल्या दिसतात. ख्रिस्तशरीर घेण्यासाठीं मालकीण आणि मोलकरीण एकाच रांगेंत उभ्या राहतात. मग घरीं आल्यावर तिची कपबशी निराळी, बसावयाची जागा निराळी, आणि कित्येक इमारतींत वर जाण्याचें यंत्रहि निराळें. मिस्सेंत जें नातें कबूल केलें तें उंबरठ्याच्या बाहेर पादत्राणांबरोबर ठेवून येतां येतें काय? पालकांनीं फिलेमोनाच्या जागीं स्वतःला कल्पून पहावें. तिचा पगार ठरल्या तारखेस होतो काय? रविवारची सुट्टी खरी मिळते, कीं ‘आज पाहुणे आहेत’ म्हणून बुडते? तिच्या घरीं आजारपण आलें तर उचल मागतांना तिला किती दिवस धीर गोळा करावा लागतो? मुलांनींहि आपली तपासणी करावी. आजीच्या वयाच्या बाईला ‘ए’ म्हणून हांक मारणारा मुलगा आम्हीं पाहिला आहे, आणि तो धर्मशिक्षणांत पहिला आलेला होता.

याहून जुनें दुखणें जातीचें. गोव्यांतील चर्चमधून ज्या कोंफ्रारिया, म्हणजे बंधुसंघ, चालत, त्यांत पुष्कळ ठिकाणीं प्रवेश जातीवरून ठरे. बंधुसंघ हें नांव आणि बंधुत्वास वेशींत अडविण्याची ही रीत एकाच छपराखालीं नांदत होती. वसईच्या बाजूस सामवेदी, वाडवळ, कोळी असे ख्रिस्ती समाज आहेत. त्यांची बोली, पोशाख, गाणीं यांची विविधता ही आम्हांला संपत्तीच वाटते, पण सोयरीक जुळवितांना तीच विविधता कुंपण होते तेव्हां कुंडांतील पाणी कोणत्या विहिरीचें होतें असें विचारावेंसें वाटतें. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेल्या बांधवांना तर तामीळनाडूंत कित्येक गांवीं दफनभूमींतहि वेगळी जागा सोसावी लागली आहे. १७ नोव्हेंबर २००३ रोजीं दक्षिणेंतील बिशपांना उद्देशून बोलतांना पोप दुसरे जॉन पॉल यांनीं, ख्रिस्ती लोकांच्या परस्परव्यवहारांत जातीय पूर्वग्रहाचा नुसता आभासहि खऱ्या मानवी एकात्मतेच्या विरुद्ध आहे, असें बजाविलें. हे शब्द चर्चमध्यें ऐकून मान डोलविणें सोपें आहे. कठीण जातें तें मुलाच्या मित्राला जेवावयास बसवितांना आडनांव न विचारणें.

आतां विद्यार्थी म्हणतील, घरचा कारभार आमच्या हातीं नाहीं, पगार आम्ही देत नाहीं, लग्नें आम्ही जुळवीत नाहीं. आम्हीं काय करावें? त्यांच्यासाठीं एका विद्यार्थ्याचीच हकीकत सांगतों. फ्रेदरिक ओझानाम हा पॅरिस येथें कायद्याचा अभ्यास करीत होता. विद्यार्थ्यांच्या एका वादसभेंत तो ख्रिस्ती धर्माची बाजू मांडीत असे. एकदां प्रतिपक्षानें टोमणा मारला कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं मोठीं कामें केलीं असतील; आज तुम्ही काय करीत आहांत? ओझानामला वादांत उत्तर देतां आलें असतें. त्यानें तें दिलें नाहीं. २३ एप्रिल १८३३ रोजीं, म्हणजे आपल्या विसाव्या वाढदिवशीं, तो व त्याचे मित्र एम्मान्युएल बाय्यी नांवाच्या वडीलधाऱ्या वृत्तपत्रकाराच्या मार्गदर्शनाखालीं जमले आणि गरिबांच्या घरीं जावयाचें असा त्यांनीं निश्चय केला. कोणाच्या घरीं जावें आणि तेथें कसें वागावें हें त्यांना रोझाली रँद्यू नांवाच्या धर्मभगिनीनें शिकविलें. ती पॅरिसच्या अत्यंत दरिद्री वस्तींत अनेक वर्षें काम करीत होती. ह्यांतून संत विन्सेंट दी पॉल यांच्या नांवाची जी संस्था निघाली ती आज जगांतील बहुतेक देशांत आहे, आणि आपल्याकडील अनेक धर्मग्रामांतहि तिच्या शाखा आहेत. ओझानाम पुढें सोर्बोन विद्यापीठांत प्राध्यापक झाला, चाळिसाव्या वर्षीं १८५३ सालीं वारला, आणि १९९७ सालीं त्याला धन्यवादित घोषित करण्यांत आलें.

ह्या संस्थेची मुख्य रीत म्हणजे घरीं भेटीस जाणें. दाता पाकीट पाठवून मोकळा होतो. नातेवाईक मात्र जिना चढून येतो, बसतो, चहा घेतो आणि औषधाची बाटली संपली काय हें पाहतो. आमच्या मुलांना हें सहज करतां येण्यासारखें आहे. आपल्या वाडींत किंवा चाळींत एखादी वृद्ध बाई एकटी राहत असेल. तिचीं मुलें परदेशीं असतील. शनिवारीं दोघांनीं मिळून तिच्याकडे जावें, तिला बाजारांतून कांहीं आणून द्यावें, तिचें पत्र अथवा दूरध्वनीवरील निरोप वाचून दाखवावा. तिची तीच गोष्ट पांचव्यांदा ऐकून घ्यावी लागेल. ऐकून घ्यावी; स्वतःच्या आजीचीहि आपण ऐकतोंच.

मिळून प्रार्थना करणें हेंहि नात्याचें काम आहे, आणि त्याचें एक सुंदर उदाहरण मुंबईंत धोबीतलावाच्या परिसरांत पहावयास मिळे. गोव्याहून आगबोटींवर व हॉटेलांत नोकरीसाठीं येणाऱ्या लोकांनीं तेथें गांवागांवाचे कूड, म्हणजे सामाईक बिऱ्हाडें, स्थापिलीं होतीं. गांवाहून आलेल्या पोराला पथारी टाकण्यापुरती व पेटी ठेवण्यापुरती जागा तेथें थोडक्या भाड्यांत मिळे. भिंतीपाशीं गांवच्या संताची वेदी असे, आणि संध्याकाळीं जपमाळेच्या प्रार्थनेस सर्वांनीं हजर राहावें असा नियम असे. जहाजावर चढण्याच्या आदल्या रात्रीं ज्यानें ती प्रार्थना म्हटली, त्याच्यासाठीं पुढील नऊ-दहा महिने त्याच वेदीपुढें प्रार्थना होत राही. आतां हे कूड पुष्कळ कमी झाले आहेत. जे आहेत ते जुन्या इमारतींत कसेबसे टिकून आहेत. त्यांनाहि मर्यादा होती, कारण बहुतेक कूड एका गांवापुरता असे आणि शेजारच्या गांवचा मनुष्य तेथें परका ठरे. तथापि, प्रार्थना हें केवळ मनाचें समाधान नसून जागा, वेळ आणि हजेरी मागणारें काम आहे, हें त्यांना कळलें होतें. आज एका घरांतील चार माणसें चार खोल्यांत चार निरनिराळ्या चित्रपटांपुढें बसतात, त्यापेक्षां चाळीस पेट्यांच्या मधोमध गुडघे टेकणाऱ्या त्या खलाशांचें घर अधिक खरें घर होतें असें आम्हांला वाटतें.

आमच्या ख्रिस्ती शाळांतून ख्रिस्ती नसलेलीं मुलें पुष्कळ असतात, आणि हा अंक त्यांच्याहि घरीं जाईल. स्नानकुंडाचें नातें म्हणजे त्यांना दूर ठेवणारी भिंत काय? प्रभु येशूनें ह्या प्रश्नाचें उत्तर शोमरोनी माणसाच्या दृष्टान्तांत देऊन ठेविलें आहे. चोरांनीं मारून टाकलेल्या वाटसरूला याजक व लेवी टाळून जातात. जो थांबतो तो ज्या लोकांशीं यहूदी संबंध ठेवीत नसत त्यांच्यापैकीं एक. तो जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेतो, दोन दीनार देतो, आणि अधिक खर्च झाला तर परत येतांना भरीन असें सांगतो. विद्यार्थ्यांना येथें पौलाच्या हमीची आठवण झाली असेल. तोच हिशेब, तीच परत येण्याची बोली. पण येथें ती परधर्मीयाच्या तोंडीं आहे. पोप फ्रान्सिस यांनीं ३ ऑक्टोबर २०२० रोजीं असीसी येथें सर्व मानवांच्या बंधुत्वाविषयींच्या ज्या परिपत्रावर सही केली, त्याचा सबंध दुसरा अध्याय ह्याच दृष्टान्तावर आहे. आणि रक्ताच्या पलीकडचें नातें कसें जगावें हें महाराष्ट्राला कोणी परक्यानें येऊन शिकवावें असेंहि नाहीं. पंढरीच्या वाटेवर वारकरी वारकऱ्याला भेटला म्हणजे दोघेहि एकमेकांच्या पायां पडतात. आधीं कोणी वांकावें ह्याचा निवाडा वयावरून किंवा जातीवरून होत नाहीं. ‘गुरुबंधु’ आणि ‘मानलेली बहीण’ हे शब्द आपल्या घरांत आहेतच. मानलेल्या भावाला रक्षाबंधनाच्या दिवशीं ओवाळणी सुटत नाहीं, हें मुली चांगल्या जाणतात.

एक नातें मृत्यूनेंहि तुटत नाहीं, अशी कॅथॉलिकांची श्रद्धा आहे. २ नोव्हेंबर रोजीं सर्व मृतांचें स्मरण होतें, आणि आपल्याकडे कुटुंबेंच्या कुटुंबें थडग्यांवर फुलें वाहून मेणबत्त्या लावतात. त्या दिवशीं दफनभूमींत कांहीं थडगीं अशींहि दिसतात कीं त्यांच्याकडे कोणीच येत नाहीं. आपल्या पुडक्यांतील एक मेणबत्ती तेथें लावावी. ती कोणाची, हें विचारण्याचें कारण नाहीं.

धर्मविधीच्या नियमाप्रमाणें प्रत्येक स्नानसंस्काराची नोंद धर्मग्रामाच्या वहींत करावी लागते, आणि त्या नोंदींत संस्कार देणाऱ्याचें, आईबापांचें आणि धर्मपिता-धर्ममातेचें नांव, तसेंच संस्काराचें ठिकाण आणि तारीख असते. दृढीकरणाच्या व लग्नाच्या वेळीं ह्या नोंदीचा उतारा लागतो, तेव्हां बहुतेक लोक प्रथमच ती पाहतात. आमच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांनीं तोंपर्यंत थांबूं नये. येत्या सुट्टींत धर्मगुरूंची परवानगी घेऊन आपली ओळ वाचावी, जामीन राहिलेल्या दोघांचीं नांवें व ती तारीख उतरून घ्यावी, आणि त्यांचा पत्ता आईजवळ मागावा. त्या दोघांपैकीं जो हयात असेल त्याला त्या तारखेस भेटावें, निदान एक पत्र घालावें. पुष्कळांना तें पत्र पंधरा वर्षांत पहिलेंच असेल, आणि उत्तर उलट टपालीं येईल.